जुने चर्च ठेवायचे की विकायचे? आधी यादी, मग व्यवहार

जमिनीचे भाव वाढत आहेत, इमारती थकल्या आहेत आणि भाविकांची वस्ती सरकली आहे. खानदेशात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असताना जुन्या चर्चचा निर्णय कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाला विचारून घ्यायचा?

शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे एकेकाळचे साधे स्थानक. आज मुंबई-आग्रा महामार्ग, औद्योगिक वसाहत आणि मनमाड-इंदूर या नियोजित रेल्वेमार्गाचा बोरविहीर-नरडाणा टप्पा यांमुळे ते खानदेशच्या नकाशावर ठळक झाले आहे. रस्ता आणि रूळ जिथे एकत्र येतात तिथे जमिनीला भाव येतो. शेताला येतो, खळ्याला येतो, तसाच कधीकाळी गावाबाहेरची जागा म्हणून मिळालेल्या मिशनच्या आवारालाही येतो.

अशा पट्ट्यातील जुनी चर्च आता केवळ प्रार्थनेची ठिकाणे राहत नाहीत. ती मोक्याच्या जागाही ठरतात. एकीकडे गळणारे छत, दुसरीकडे दारात उभा ग्राहक आणि मधे संख्येने लहान असलेला ख्रिस्ती समाज. हा प्रश्न कोणा एका चर्चचा नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तो पुढील काळात वेगवेगळ्या रूपांत पुढे येऊ शकतो. तेव्हा उत्तर घाईत शोधावे लागू नये, यासाठी नियम आणि निकष आधीच समजून घेतलेले बरे.

खानदेशात चर्च आली कशी?

दोन वाटांनी. पहिली वाट रेल्वेची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या दशकात भुसावळला पोहोचली आणि ते गाव पाहता पाहता मोठे जंक्शन झाले. इंजिन चालवणारे, कारखान्यात काम करणारे, कार्यालयात लिहिणारे युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कर्मचारी तिथे आले. त्यांच्यासोबत त्यांची चर्च, शाळा आणि दफनभूमी आली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्ग तयार झाल्यावर नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर ही गावे एका रुळावर जोडली गेली.

दुसरी वाट मिशनची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनसारख्या प्रॉटेस्टंट संस्थांनी गावागावांत काम केले. पुढे कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनीही आदिवासी भागात शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने घेऊन गेल्या.

कॅथलिक कारभाराच्या दृष्टीने हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार अशा पाच जिल्ह्यांचा हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे खानदेशातील एखाद्या कॅथलिक चर्चबाबतचा औपचारिक निर्णय नाशिकला होतो. प्रॉटेस्टंट चर्चची व्यवस्था वेगळी आहे. तिथे प्रत्येक संस्थेची घटना आणि विश्वस्त मंडळ निराळे असते.

युरोप-अमेरिकेत काय चालले आहे?

तिथला प्रश्न मुख्यतः रिकाम्या बाकांचा आहे. नेदरलँड्समधील कार्डिनल विलेम आइक यांनी २०१३ मध्येच सांगितले होते, की २०२५ पर्यंत देशातील सुमारे एक हजार कॅथलिक चर्च बंद करावी लागतील. त्याच देशात मास्ट्रिख्ट शहरातील तेराव्या शतकातले डॉमिनिकन चर्च २००६ पासून पुस्तकांचे दुकान म्हणून वापरात आहे. अमेरिकेत बाल्टिमोर आर्चडायोसिसने २०२४ मध्ये शहर परिसरातील ६१ धर्मग्रामांचे २३ धर्मग्राम करण्याचा आणि ३० ठिकाणीच उपासना ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

असे निर्णय कागदावर सोपे दिसतात, प्रत्यक्षात नसतात. बोस्टन आर्चडायोसिसने २००४ मध्ये अनेक धर्मग्राम बंद करण्याचे ठरवले. त्यांत सिच्युएट गावातील सेंट फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी हे चर्च होते. तिथल्या भाविकांनी चर्च सोडण्यास नकार दिला आणि आळीपाळीने रात्रंदिवस तिथेच मुक्काम केला. ही जागरणे २०१६ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ चालली. न्यायालयातली शेवटची वाटही बंद झाली, तेव्हा कुठे त्यांनी दार सोडले.

या भाविकांचे म्हणणे कायद्याने टिकले नाही. मात्र त्यांची तक्रार ध्यानात घेण्याजोगी होती. इमारत आम्ही बांधली, वर्गणी आम्ही दिली, मग निर्णयाच्या वेळी आमचा आवाज कुठे होता, असा तो सवाल होता. ज्यांना विश्वासात घेतले जात नाही, ते लोक निर्णय बरोबर असला तरी तो मान्य करत नाहीत.

मग खानदेशचा प्रश्न वेगळा कसा?

इथे श्रद्धा आटली म्हणून बाके रिकामी झाली, असे सरसकट म्हणता येत नाही. इथे माणसे हलली. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेली. रेल्वेतली वाफेची इंजिने गेली, तशा त्यांच्याभोवतीच्या वसाहतीही बदलल्या. तरुण पिढी सुरत, नाशिक, पुणे, मुंबईकडे कामाला गेली. दुसरीकडे डोंगरपट्ट्यातील पाड्यांवर ख्रिस्ती कुटुंबे आहेत, पण जवळ पक्की इमारत असतेच असे नाही.

थोडक्यात, इमारत एकीकडे आणि माणसे दुसरीकडे अशी ही स्थिती आहे. त्यामुळे परदेशातील मोजपट्टी इथे जशीच्या तशी लावता येणार नाही.

साध्या हजेरीचेच उदाहरण घ्या. खानदेशातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. होळीला काही जण गावी येतात, पावसाळ्यापूर्वी बहुतेक जण परततात. जानेवारीतल्या एका रविवारी डोकी मोजली तर चर्च ओसाड वाटेल. ऑगस्टमध्ये मोजली तर तेच भरलेले दिसेल. एका मोजणीवरून ‘इथे कोणी येत नाही’ असा शेरा मारणे म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब उन्हाळ्यात करण्यासारखे आहे.

इमारती थकतात का?

कारण देखभाल पुढे ढकलली जाते. जुन्या चर्चच्या भिंती दगड-विटांच्या आणि चुन्याच्या, छत सागवानी कैच्यांवर कौलांचे. हे बांधकाम दणकट असते, पण त्याला दरवर्षी हात लागावा लागतो. दहा-वीस कौले फुटली आणि बदलली नाहीत, की पाणी लाकडात जाते. लाकूड ओले राहिले की वाळवी येते. कैची खचली की भिंतीवर ताण पडतो. त्यात खानदेशची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर तडे जातात.

अनेकदा दुरुस्तीच नुकसान करते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि भिंत आतून कुजते. काही वर्षांनी अभियंता ‘धोकादायक’ असा अहवाल देतो आणि मग विक्रीशिवाय पर्याय नाही असे सांगितले जाते. प्रत्यक्षात विक्रीचा निर्णय दहा वर्षांपूर्वी, कौले न बदलण्याच्या दिवशीच झालेला असतो. म्हणून इमारत मोडकळीस आली हे कारण पुढे येईल तेव्हा ती कशामुळे आली, हेही विचारले पाहिजे.

चर्चचा मालक कोण? बिशप?

सर्वसाधारण समज तसा असला, तरी तो बरोबर नाही. कॅथलिक धर्मसंहितेनुसार, म्हणजे ‘कॅनन लॉ’नुसार, कायदेशीर रीतीने स्थापन झालेला प्रत्येक धर्मग्राम ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि धर्मग्रामाने मिळवलेली मालमत्ता त्या धर्मग्रामाची असते. बिशपांकडे देखरेखीचा आणि परवानगीचा अधिकार असतो, खासगी मालकीचा नव्हे.

दोन धर्मग्राम एकत्र केले तर मालमत्ता आणि कर्ज दोन्ही नव्या धर्मग्रामाकडे जाते. दात्याने ज्या हेतूने दान दिले तो हेतू पाळावा लागतो. म्हणजे पैसा भाविकांमागे जातो, असा या नियमाचा गाभा आहे.

चर्च बंद करण्याचे नियम काय?

इथे तीन वेगळे निर्णय असतात आणि त्यांची गल्लत केली जाते. धर्मग्राम दुसऱ्यात विलीन करणे हा पहिला. इमारतीतील उपासना कायमची थांबवणे हा दुसरा. जमीन-इमारत विकणे हा तिसरा. पहिला झाला म्हणून दुसरा आपोआप होत नाही आणि दुसरा झाला म्हणून तिसरा होत नाही.

उपासना थांबवण्याबाबत धर्मसंहितेतील १२२२ वे कलम महत्त्वाचे आहे. इमारत उपासनेसाठी वापरता येत नसेल आणि दुरुस्तही होऊ शकत नसेल, तर बिशप तिला धर्मेतर वापरासाठी मोकळी करू शकतात. हा वापर मात्र हीन किंवा अशोभनीय नसावा. इतर गंभीर कारणे असतील, तर बिशपांनी धर्मगुरूंच्या परिषदेचे मत घ्यावे लागते, चर्चवर ज्यांचा रीतसर हक्क आहे त्यांची संमती लागते आणि भाविकांच्या आध्यात्मिक हिताला बाधा येणार नाही हे पाहावे लागते.

विक्रीसाठी आणखी अटी आहेत. न्याय्य कारण हवे, तज्ज्ञांचे लेखी मूल्यांकन हवे आणि साधारणपणे त्या मूल्यांकनापेक्षा कमी किमतीला विकता येत नाही. ठरावीक रकमेवरील व्यवहाराला धर्मप्रांताची अर्थ समिती आणि सल्लागार मंडळ यांची संमती लागते. त्याहून मोठ्या रकमेला, तसेच कला किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तूंना, थेट रोमची परवानगी लागते.

व्हॅटिकनने नोव्हेंबर २०१८ मध्ये याच विषयावर रोममध्ये परिषद भरवली आणि मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. इमारतीला सामाजिक किंवा सांस्कृतिक उपयोग शोधावा, नफेखोरीसाठी ती वापरू नये, यादी आधी करावी आणि स्थानिक समाजाला सोबत घ्यावे, असा त्यांचा रोख आहे. फक्त पैसे नाहीत किंवा धर्मगुरू कमी आहेत, एवढ्यावर धर्मग्राम बंद करू नये, असे २०२० च्या एका सूचनापत्रातही नमूद आहे.

राज्याचा कायदा काय सांगतो?

धर्मसंहिता हा चर्चचा अंतर्गत नियम झाला. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असलेल्या चर्चला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू असतो. त्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र वैध ठरत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तरीही मंजुरी लागते. फसवणूक करून किंवा चुकीची माहिती देऊन मंजुरी मिळवली असेल, तर ती रद्द होऊ शकते.

ही मंजुरी म्हणजे केवळ शिक्का नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००७ मध्ये शैलेश डेव्हलपर्स प्रकरणात स्पष्ट केले, की विश्वस्तांनी आणलेल्या प्रस्तावावरच आयुक्तांनी थांबण्याची गरज नाही; न्यासाच्या हितासाठी अधिक चांगला प्रस्ताव मिळतो का, हेही ते पाहू शकतात. म्हणजे बंद खोलीत ठरलेला भाव हाच अंतिम भाव ठरत नाही.

प्रॉटेस्टंट मालमत्तांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा एक निकाल महत्त्वाचा आहे. गुजरातमधील ब्रदरेन चर्चच्या मालमत्ता १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आपोआप गेल्या का, असा तो वाद होता. गुजरातमध्येही मूळ मुंबई राज्याचाच न्यास कायदा लागू आहे. विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून मालमत्ता हस्तांतरित होत नाही, त्यासाठी कायद्यातील रीतच पाळावी लागते, असे न्यायालयाने सांगितले.

याशिवाय जमिनीचा प्रकार पाहावा लागतो. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे आहे? जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाकडून अटींवर मिळालेली असेल, तर हस्तांतरासाठी महसूल खात्याची परवानगी घ्यावी लागते. मूळ जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महसूल संहितेतील वेगळे निर्बंध लागू होतात. रेल्वे वसाहतीतील चर्चच्या बाबतीत तर जमीन मुळात चर्चची आहे की रेल्वेची, इथूनच सुरुवात करावी लागते.

विकलेल्या चर्चचे दुसरे प्रार्थनास्थळ होऊ शकते का?

परदेशात विकलेल्या चर्चमध्ये मंदिर किंवा मशीद सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. भारतात १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याचे कलम ३ आडवे येते. एका धर्माच्या किंवा पंथाच्या प्रार्थनास्थळाचे दुसऱ्या धर्माच्या, इतकेच नव्हे तर त्याच धर्मातील दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनास्थळात रूपांतर करण्यास हे कलम मनाई करते. त्यामुळे ‘आम्ही फक्त इमारत विकली, पुढे तिचे काय झाले ते आम्हाला माहीत नाही’ अशी भूमिका इथल्या विश्वस्तांना परवडणारी नाही. पुढील वापराची अट खरेदीखतात स्पष्ट लिहिणे हे सर्वांच्याच शांततेसाठी आवश्यक आहे.

महाराष्ट्र-गोव्याने आजवर काय केले?

इतिहासात या प्रश्नाची तीन उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर, सोडून देणे. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचे भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांवर बंदी घातल्यावर १८३५ मध्ये ते ओस पडले. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज उरला आहे तो अर्धा मनोरा. मात्र तिथली घंटा वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. पुढे याच अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. डीएनए तपासणीने त्याला दुजोरा मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांतील काही भाग भारताने जॉर्जियाला भेट दिला. जे टाकून दिले, त्याच्या पोटात एका देशाचा इतिहास होता.

दुसरे उत्तर, वस्तीबरोबर हलणे. माझगावचे ग्लोरिया चर्च सतराव्या शतकातले. जुनी इमारत पाडल्यावर १९११ ते १९१३ या काळात भायखळ्याला नवे चर्च उभे राहिले. इमारत गेली, पण नाव, समाज आणि परंपरा नव्या जागी गेली. आज त्या चर्चला कोणी ‘उरलेले’ म्हणत नाही.

तिसरे उत्तर, अर्धवट. अंधेरीचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १५७९ चे. साथीच्या रोगानंतर १८४० मध्ये लोक मरोळला गेले आणि धर्मग्रामही तिकडे गेला. जुन्या इमारतीचे काय करायचे हे मात्र ठरले नाही. पुढे त्या परिसरात सीप्झ ही निर्यात वसाहत उभी राहिली आणि चर्चचे अवशेष कुंपणाच्या आत गेले. ज्यांच्या पूर्वजांनी ते बांधले, त्यांना तिथे वार्षिक मिस्सा करायची तर आज परवानगी काढून आत जावे लागते. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी असलेल्या कोणत्याही गावाने, नरडाण्यानेही, हे उदाहरण लक्षात ठेवावे. निर्णय टाळला, तर तो दुसरे कोणीतरी घेते.

खानदेशात आणखी एक मार्ग दिसला आहे. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय परदेशी मिशनने सुरू केले. पुढे ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे गेले आणि रुग्णसेवा चालू राहिली. ठेवणे किंवा विकणे या दोहोंच्या पलीकडे ‘सोपवणे’ हाही पर्याय असतो.

दफनभूमीचे काय?

व्यवहाराच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा शेवटी येतो; तो सर्वांत आधी यायला हवा. चर्च दुसरीकडे बांधता येते, कबरी तशा हलवता येत नाहीत. लहान गावांत ख्रिस्ती समाजाला दफनासाठी दुसरी जागा मिळणे अवघड असते. चर्चच्या आवारालगतची दफनभूमी विक्रीत गेली किंवा तिच्याकडे जाणारी वाट बंद झाली, तर पुढच्या मृत्यूच्या वेळी त्या कुटुंबाने कुठे जायचे?

म्हणून दफनभूमीची स्वतंत्र मोजणी, स्वतंत्र नोंद आणि जाण्या-येण्याचा कायमचा हक्क या तीन गोष्टी झाल्याशिवाय आवाराच्या एका गुंठ्याचीही बोलणी सुरू होऊ नयेत. ज्यांची पाळेमुळे इथे आहेत, पण जे आज लंडन किंवा मेलबर्नला राहतात, त्यांच्यासाठीही ही एकच खूण उरलेली असते.

मग कोणते ठेवावे, कोणते सोडावे?

सगळी चर्च ठेवू, हे धोरण होऊ शकत नाही. ज्या इमारतीत वर्षानुवर्षे मिस्सा होत नाही, दुरुस्तीचा खर्च समाजाच्या ऐपतीबाहेर आहे आणि दहा किलोमीटरवर दुसरे चर्च आहे, ती केवळ भावनेपोटी धरून ठेवणे म्हणजे पाड्यावरच्या शाळेचा आणि दवाखान्याचा पैसा गळक्या छतात ओतणे होय. पण सर्वाधिक भाव ज्याला, ते आधी विकू, हेही धोरण नव्हे. मोक्याची जागा हा विक्रीचा निकष झाला, तर शहरातील आणि महामार्गालगतची चर्च आधी जातील. कामासाठी गावातून शहरात आलेल्या नव्या भाविकाला नेमकी तिथेच चर्चची गरज असते.

निर्णयापूर्वी प्रत्येक इमारतीला पाच प्रश्न विचारता येतील.

१. वर्षभरात इथे काय घडते? फक्त रविवारची मिस्सा नव्हे, तर बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी, सण, शाळा आणि वसतिगृह यांचाही हिशेब, स्थलांतराचे महिने धरून.

२. हे बंद झाल्यास पुढचे चर्च किती दूर आणि तिथे एसटीने जाता येते का? मोटार असलेल्याचे अंतर आणि पायी चालणाऱ्या आजीचे अंतर सारखे नसते.

३. इमारतीची खरी स्थिती काय? चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून तपासणी आणि दुरुस्तीचा अंदाज, दोन्ही लेखी.

४. इथे असे काय आहे जे दुसरीकडे नाही? वेदी, घंटा, रंगीत काचा, जुन्या नोंदवह्या, कबरी. नोंदवह्या तर कुटुंबांच्या वंशावळीचा आधार असतात.

५. जमीन कोणी, कोणत्या अटीवर दिली होती? दात्याचा हेतू विक्रीने मोडतो का?

या पाचांच्या उत्तरांनंतरच भावाचा सहावा प्रश्न यावा.

पैसे कुठे जावेत?

विश्वासाचा खरा कस इथे लागतो. एका गावचे चर्च विकून आलेली रक्कम दूरच्या शहरातील कार्यालयाच्या रंगकामाला गेली, असे लोकांना वाटले, तर पुढच्या प्रत्येक निर्णयाकडे संशयाने पाहिले जाईल. विक्रीपूर्वीच त्या रकमेचा उपयोग ठरलेला आणि जाहीर असावा. जिथली माणसे, तिथला पैसा. शिंदखेडा तालुक्यातल्या जागेचे पैसे आले, तर ते त्याच पट्ट्यातील भाविकांच्या प्रार्थनागृहासाठी, दफनभूमीच्या कुंपणासाठी, मुलींच्या वसतिगृहासाठी दिसले पाहिजेत. रेल्वे किंवा रस्त्यासाठी जमीन संपादित झाली, तर मिळणाऱ्या मोबदल्यालाही हाच नियम लागू व्हावा.

आता काय करावे?

पहिले काम यादीचे. प्रत्येक चर्चची जमीन, इमारत, दफनभूमी, वस्तू आणि नोंदवह्या यांची एकच यादी तयार व्हावी. ती धर्मादाय कार्यालयातील नोंदीशी आणि सातबाऱ्याशी ताडून पाहावी. तिन्ही कागद जुळत नसतील, तर ते आधी जुळवावेत. विस्कळीत कागद असलेल्या जागेवर जमीन दलालांची नजर आधी जाते.

दुसरे काम खुल्या सभेचे. यादी, तपासणी अहवाल आणि निकष मराठीत, आणि गरज असेल तिथे अहिराणी, भिली, मावची बोलणाऱ्यांना समजतील अशा रीतीने, धर्मग्रामासमोर ठेवावेत. ही सभा ऊसतोडीच्या हंगामात घेऊ नये. हरकतींसाठी मुदत द्यावी आणि उत्तरे लेखी द्यावीत.

तिसरे काम भाविकांचे. धर्मग्रामाच्या बैठकीला न जाणारे, कौले बदलायच्या वर्गणीच्या वेळी मागे राहणारे आणि विक्रीची बातमी आल्यावर मात्र पुढे येणारे लोक प्रत्येक समाजात असतात. चर्च आपले आहे असे म्हणायचे, तर त्याच्या छताची जबाबदारीही आपलीच आहे.

कायदा पुरेसा आहे. चर्चची संहिता विचारविनिमय सांगते, राज्याचा कायदा पूर्वमंजुरी सांगतो. उणीव आहे ती वेळेची. सगळे नियम आठवतात ते ग्राहक दारात आल्यावर. नरडाण्याच्या परिसरात रूळ पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. तेवढ्या काळात खानदेशातील जुन्या चर्चची यादी पूर्ण झाली, तर त्यांतील काही विकली गेली तरी समाजाला ती गमावल्यासारखी वाटणार नाहीत आणि जी ठेवली जातील ती का ठेवली, हे पुढच्या पिढीलाही सांगता येईल.